ढोलकी कुठं गेली? सुलोचनाबाईंच्या लावण्या पुन्हा ऐकताना

माझ्या पीएचडीचा विषय कुणी विचारला की मी एका वाक्यात सांगते: गोंगाटातून कामाचा आवाज वेगळा काढायचा. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला, "मग नोकरी कुठं लागते ह्यात?" त्याचं उत्तर ह्या ब्लॉगवर नको. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न असतो, जो कुणी विचारत नाही. कामाचा आवाज कुठला आणि गोंगाट कुठला, हे ठरवतं कोण? आपण एरवी मोटरचं बेअरिंग, हृदयाचे ठोके अशी उदाहरणं घेतो. आज सुलोचना चव्हाण घेऊ.

कारण असं की गेले दोन महिने मी त्यांच्या लावण्यांचे पुन्हा काढलेले संग्रह ऐकतेय. मोबाईलच्या ॲपवर असे बरेच सापडतात. नावं वेगवेगळी, मुखपृष्ठावर नऊवारीतली कुणीतरी नर्तकी (सुलोचनाबाई नव्हेत), आतली गाणी मात्र फिरून तीच. पंधरा-वीस लावण्या, क्रम बदलून. त्यामुळं एका संग्रहाचं परीक्षण करण्यात अर्थ नाही. हे सगळं मिळून एकच पुनःप्रकाशन समजू, आणि ते कसं झालंय ते पाहू.

आधी बाईंबद्दल थोडं. जन्म १९३३, मुंबई. माहेरच्या कदम. लहानपणापासून हिंदी चित्रपटांत के. सुलोचना ह्या नावानं गायल्या. हे नाव आज किती जणांना ठाऊक असेल कुणास ठाऊक. आचार्य अत्र्यांच्या 'हीच माझी लक्ष्मी' ह्या १९५१ च्या चित्रपटात वसंत देसाईंच्या संगीतात त्या लावणी गायल्या. पडद्यावर होत्या हंसा वाडकर. 'लावणीसम्राज्ञी' ही पदवी अत्र्यांचीच. लग्न श्यामराव चव्हाणांशी झालं, आणि लावणीतला शब्द कसा टाकायचा हे मी त्यांच्याकडून शिकले, ते माझे गुरू, असं बाई सांगत. मग १९६२ चा 'रंगल्या रात्री अशा', १९६४ चा 'सवाल माझा ऐका', १९६५ चा 'मल्हारी मार्तंड'. संगीत वसंत पवारांचं, शब्द कधी जगदीश खेबुडकरांचे, कधी गदिमांचे. २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या.

आता माझा मुद्दा. यमुनाबाई वाईकर किंवा विठाबाई नारायणगावकर ह्यांची लावणी मुळात समोर बसलेल्या माणसांसाठी होती. बैठक असो की फड, त्या रात्री जे झालं ते झालं. ध्वनिमुद्रण ही त्याची आठवण. सुलोचनाबाईंचं तसं नाही. त्या तमाशाच्या फडातून आल्या नाहीत. पुढं त्यांनी मंचावर पुष्कळ कार्यक्रम केले, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, जागचं न हलता. पण ज्या गाण्यांनी त्या घराघरांत गेल्या ती मायक्रोफोनसमोर घडली. अदा करायची ती फक्त गळ्यानं. म्हणजे त्यांच्या बाबतीत ती रेकॉर्ड हीच मूळ कलाकृती आहे. ती खरवडली तर मागं दुसरं मूळ उरत नाही. म्हणून हे संग्रह कसे काढलेत ह्याला महत्त्व.

आमच्या हिंगोलीकडं ह्या लावण्या ऐकायची जागा म्हणजे जत्रेतला कर्णा, लग्नातला बँड, आणि दसऱ्याच्या प्रदर्शनात पाळण्याच्या शेजारी लावलेला भोंगा. हल्ली डीजे. कर्ण्यातून खालचे आणि वरचे सगळेच स्वर गायब होतात, मधलाच पट्टा तेवढा कानावर येतो. त्यामुळं माझ्या पिढीनं सुलोचनाबाईंचा आवाज ऐकला तो असाच, टोकदार आणि थोडा नाकातला. चांगल्या हेडफोनवर पहिल्यांदा 'कळीदार कपूरी पान' ऐकलं तेव्हा कळलं की हा आवाज नाकातला नाहीच. खालच्या स्वरात तो चांगला भरीव आहे, मऊसुद्धा आहे. शब्द राजा बढे, चाल श्रीनिवास खळे. खळ्यांनी इथं ढोलकीला मोकळं सोडलेलं नाही आणि बाईंनी ठसका राखून वापरलाय. मला विचाराल तर त्यांची सगळ्यात चांगली लावणी हीच. तिच्यात काही मागितलंय असं वाटतच नाही, नुसतं विडा पुढं केल्यासारखं वाटतं. आणि हे ऐकू येतं ते संग्रहामुळं, हेही कबूल केलं पाहिजे. खरखर कमी आहे, आवाज पुढं आहे, शब्द न् शब्द कळतो. ज्यानं ही गाणी कर्ण्यावरच ऐकली त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

पण मग ढोलकी?

औंढ्याकडच्या एका गावात एक ढोलकीवाले काका आहेत, त्यांच्या ढोलकीचे आवाज मी माझ्या कामासाठी मुद्रित केलेत. त्यांना मी 'फड सांभाळ' लावून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, अर्ध्यात हेडफोन काढला आणि म्हणाले, "ताई, बाईचा गळा झकास आला बघा. पण ढोलकी कुठंय ह्याच्यात? नुसता डबा वाजवल्यावानी लागतंय."

डबा हा शब्द अगदी नेमका आहे. तो नेमका का, हे सांगण्यासाठी ढोलकीच्या पुडीकडं यावं लागेल.

साधं गोल कातडं ताणून वाजवलं तर त्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात. मूळ स्वर १ धरला तर पुढचे १.५९, २.१४ असे वेडेवाकडे येतात. म्हणून ताशा किंवा डफ ह्यांना 'सा' लावता येत नाही. आपल्या वाद्यांना काळी शाई लावतात. शाईच्या वजनामुळं हे वरचे स्वर सरकतात आणि २, ३, ४ अशा पटींच्या जवळ जाऊन बसतात. हे सी. व्ही. रामन यांनी एस. कुमार यांच्याबरोबर १९२० मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. त्यामुळं तबला, मृदंग आणि ढोलकीची शाईची पुडी सुरात वाजते. लावणीची ढोलकी गायिकेच्या सुराला लावलेली असते ती ह्याच जोरावर. दुसऱ्या अंगाचा धुमारा वेगळा, तळहात दाबून घिस्सा काढला की स्वर खालून वर चढत जातो.

म्हणजे ढोलकीच्या एका थापेत दोन गोष्टी आहेत. पहिले काही मिलिसेकंद नुसता तडाखा, त्यात सगळ्या कंप्रता एकदम असतात, अगदी वरपर्यंत. आणि त्यामागून येणारा सुरेल नाद. कानाला 'कडक' वाटतं ते पहिल्या भागामुळं, आणि ढोलकी सुरात आहे हे कळतं दुसऱ्यामुळं. पहिला भाग कापला तर उरतो बोथट 'डुब'. दुसरा कापला तर उरतो डबा. दोन्ही थोडे थोडे कापले तर आजचे बरेच संग्रह होतात.

कापतं कोण? आधी रेकॉर्डची गोष्ट. १९५१ ची लावणी लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर आली. भारतात त्या तबकड्या साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत चालल्या, एकीकडं ४५ फेऱ्यांच्या लहान रेकॉर्डही निघत होत्या. ७८ च्या खाचा रुंद असतात, सुईचं टोक साधारण ७५ मायक्रॉन त्रिज्येचं लागतं. लाँग प्ले रेकॉर्डची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, २५ मायक्रॉन. ती बारीक सुई जुन्या तबकडीवर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन बसते. तळाशी आवाज नसतो, धूळ असते.

दुसरं, लाँग प्ले रेकॉर्ड कोरताना वरच्या कंप्रता मुद्दाम वाढवून कोरतात आणि वाजवताना तेवढ्याच दाबतात. १० किलोहर्ट्झला हे दाबणं जवळजवळ १३.७ डेसिबलचं असतं, म्हणजे तरंगाची उंची पाचव्या हिश्श्यावर येते. ज्या जुन्या तबकडीवर वरच्या कंप्रता अशा वाढवलेल्याच नव्हत्या, ती आजच्या ॲम्प्लिफायरला तशीच जोडली तर विनाकारण पाचपट दाबली जाते. ऐकणारा म्हणतो, "जुनं रेकॉर्डिंग आहे, बंदच असणार." जुनं आहे हे खरं. पण बंद आहे ते आपल्या जोडणीमुळं.

तिसरी गोष्ट संगणकाची, म्हणजे माझ्याच धंद्याची. जुन्या तबकडीची कट्कट् काढायला जी पद्धत वापरतात ती सोपी आहे. संगणक आवाजाच्या आलेखात पुढं काय येईल ह्याचा अंदाज बांधत जातो. एखाद्या ठिकाणी आलेख अंदाज सोडून एकदम उसळला आणि मिलिसेकंदाच्या आत परत आला, की तो ओरखडा धरायचा आणि तेवढा तुकडा आजूबाजूच्या आवाजावरून शिवून टाकायचा. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर एक मिलिसेकंद म्हणजे ४४ नमुने. चव्वेचाळीस टिंबं बदलली तर कुणाला कळतंय?

आता सांगा, एकदम उसळून मिलिसेकंदात खाली येणारं लावणीत आणखी काय असतं? ढोलकीच्या चाटीचा पहिला कण. घुंगरू. तुणतुण्याच्या तारेचा ठोका. टाळाची किणकिण. हत्याराची धार थोडी जास्त ठेवली की ते ओरखड्याबरोबर ह्यांनाही सोलतं. घुंगरांचं तर फारच वाईट होतं. त्यांचा आवाज बराचसा ४ ते १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, बारीक बारीक कणांचा, वेळेत पसरलेला. संगणकाला तो खरखरीपेक्षा वेगळा ओळखता येत नाही. कारण व्याख्येनुसार तो वेगळा नाहीच! फरक एवढाच की घुंगरू तालात असतात. खरखर तालात नसते. आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या खरखर-काढू प्रोग्रॅमला ताल माहीत नसतो.

(माझं काम नेमकं इथं आहे. तालाची माहिती आधी देऊन ठेवली तर घुंगरू वाचवता येतात का, हे मी बघतेय. अजून 'हो' म्हणण्याजोगं हाती नाही, पुढच्या पोस्टमध्ये आलेख दाखवते.)

शेवटची कात्री एमपीथ्रीची. ह्या प्रकारात आवाजाचे १,१५२ नमुन्यांचे, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांचे गठ्ठे करून ते कमी जागेत बसवतात. थाप गठ्ठ्याच्या मध्यात पडली तर बसवताना झालेली चूक पूर्ण गठ्ठ्यात पसरते, थापेच्या आधीसुद्धा. त्यामुळं ठोका पडायच्या आधीच त्याची एक पुसट सावली ऐकू येते. हे टाळायचे उपाय त्या प्रकारात आहेत, पण पेन ड्राइव्हवर शंभर रुपयांत हजार गाणी बसवणारा कुठं ते करणार. जलद लावणीत, जिथं ढोलकी शेवटी दुगुणीत जाते, तिथं ठोके आणि त्यांच्या सावल्या एकमेकांत मिसळून चिखल होतो.

तुम्ही म्हणाल ढोलकीचं राहू द्या, गायिका तर नीट आली ना? इथं मला एक गंमत सापडलीय, ती भाषेची आहे.

आपल्या मराठीत च आणि ज दोन दोन आहेत. 'चहा'तला च तालव्य, 'चमचा'तला दंततालव्य. 'जरतारीचा' हा शब्द घ्या. सुरुवातीचा ज दंततालव्य, शेवटचा चाही दंततालव्य. हेच 'जरतारीची' केलं की शेवटची ची लगेच तालव्य होते. लिहिताना फरक नाही, बोलताना आहे, आणि हा फरक असतो तो हवेच्या घर्षणाच्या आवाजात. दंततालव्य उच्चारात घर्षणाची ताकद जास्त वरच्या कंप्रतांकडं झुकते. सुलोचनाबाईंचा ठसका ज्याला म्हणतात तो माझ्या मते बराचसा इथं आहे. त्या स्वरावर जेवढं खेळतात त्याहून जास्त व्यंजनावर खेळतात. ठ, च, छ, ट ही अक्षरं त्या फेकतात, आणि फेकून झाल्यावर स्वर लांबवायच्या ऐवजी चटकन तोडतात. 'मल्हारी मार्तंड'मधलं 'पदरावरती जरतारीचा' ऐकताना ज आणि चा ह्यांच्याकडं कान द्या. वरचा पट्टा शाबूत असलेल्या प्रतीत तिथं जरीसारखं काहीतरी चमकून जातं. खरखरीबरोबर वरचा पट्टा खरवडलेल्या प्रतीत तीच अक्षरं सुती होतात.

आशाबाईंची 'बुगडी माझी सांडली गं' शेजारी ठेवली तर फरक कळतो. १९५९ चा 'सांगत्ये ऐका', संगीत वसंत पवारांचंच. आशाबाई स्वराला लाडीक वळण देऊन अर्थ काढतात. त्या गाण्याचा वरचा पट्टा थोडा गेला तरी वळण शाबूत राहतं, कारण ते मधल्या कंप्रतांत आहे. सुलोचनाबाईंचं भांडवल व्यंजनात, म्हणून त्यांचं नुकसान जास्त. हा माझ्या कानाचा निवाडा आहे, पण त्यामागं भौतिकशास्त्र आहे एवढंच म्हणते.

वेगाचंही बघा. रेकॉर्डवरून कॅसेट, कॅसेटवरून सीडी, सीडीवरून फाईल, ह्या प्रवासात कुठंही यंत्र तीन टक्के जलद फिरलं तर स्वर अर्ध्या श्रुतिपट्टीनं, म्हणजे हार्मोनियमच्या दोन शेजारी पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्यानं चढतो. काळी चार मधलं गाणं काळी चार आणि पांढरी सहा ह्यांच्या मध्ये लटकतं. तीन मिनिटांचं गाणं पाच सेकंद लवकर संपतं. आणि नुसता स्वर चढत नाही, आवाजाचा पोतही बदलतो, गायिका वयानं लहान वाटते. घरी करून बघा: तानपुऱ्याचं ॲप लावा, गाणं चालू करा आणि षड्ज जुळतो का बघा. मग तेच गाणं दुसऱ्या संग्रहातलं लावा. कधीकधी ॲपची पट्टी सरकवावी लागते. एकाच ध्वनिमुद्रणाला दोन षड्ज कसे असतील?

आवाजाचं इतकं झालं. कागदाचं त्याहून वाईट आहे, पण त्यावर कमी बोलून भागेल, कारण कागदच नाही. फाईलच्या खाली गाण्याचं नाव, गायिकेचं नाव, आणि बऱ्याचदा संग्रह निघाला ते साल. १९६४ च्या गाण्याखाली दोन हजारनंतरचं साल बघून एखादं पोरगं विचारेल की बाई तेव्हा किती वर्षांच्या होत्या. कवी-संगीतकार कधी असतात, कधी नसतात. ढोलकी कुणी वाजवली? तुणतुणं कुणाचं? मागं 'जी जी' कोण म्हणतंय? काही नाही. ज्या प्रकारात ढोलकी गायिकेशी बोलते, तिला डिवचते, तिच्या ओळीला उत्तर देते, तिथं वाजवणाऱ्याचं नावच नाही. बाईंचे चिरंजीव विजय चव्हाण हे ढोलकीतलं मोठं नाव, त्यांच्यामुळं निदान पुढच्या काळातल्या मंचावरच्या ढोलकीला चेहरा आहे. त्या आधीच्या स्टुडिओतल्या हातांना तोही नाही.

बाहेर हे कसं करतात? अमेरिकेत काळ्या लोकांच्या गाण्यांच्या यादीला 'बिलबोर्ड' साप्ताहिक आधी 'रेस रेकॉर्ड्स' म्हणायचं. १९४९ मध्ये जेरी वेक्सलर ह्यांच्या सुचवण्यावरून त्याला 'ऱ्हिदम अँड ब्लूज' नाव मिळालं. त्या गाण्यातली पहिल्या फळीची गायिका रूथ ब्राउन. ॲटलांटिक ही कंपनी तिच्या रेकॉर्डवर उभी राहिली, इतकी की लोक कंपनीला 'रूथनं बांधलेलं घर' म्हणत. आणि साठच्या दशकात हीच बाई दुसऱ्यांच्या घरी कामाला जात होती, शाळेची बस चालवत होती. तिनं पुढं वकील गाठून कंपनीशी मानधनाचा झगडा केला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कंपनी नमली, थकलेले पैसे दिले, आणि १९८८ मध्ये त्या पिढीच्या कलाकारांसाठी 'ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन' उभं राहिलं. १९८९ मध्ये तिच्या जुन्या गाण्यांचा संग्रह 'मिस ऱ्हिदम' निघाला. जर्मनीतली 'बेअर फॅमिली' ही कंपनी तर असे संग्रह काढते की सोबत जाडजूड पुस्तक, त्यात ध्वनिमुद्रणाची तारीख, तबकडीवर कोरलेला क्रमांक, प्रत्येक वादकाचं नाव.

मी रूथ ब्राउन ऐकली ती संशोधनाच्या निमित्तानं, सॅक्सोफोन आणि टाळ्यांचे ठोके वेगळे करायचे होते म्हणून. ऐकताना सुलोचनाबाई आठवल्या. वरच्या स्वरावर आवाज मुद्दाम चिरकू द्यायचा, शब्द तोडून ढोलाच्या तोंडात द्यायचा, आणि सभ्य लोकांनी नाक मुरडलं तरी त्यांच्याच पोरांनी चोरून ऐकायचं. आपल्याकडं तर १९५२ नंतर माहिती व नभोवाणी मंत्री बी. व्ही. केसकरांनी आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांनाच कात्री लावली होती. मंत्री मराठी, तरी लावणी कसली वाजणार.

पण आपल्याकडं तसं पुस्तक लिहिणारे नाहीत असं नाही. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' आहे. त्यामागचे सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, म्हणजे आमच्याच भौतिकशास्त्राच्या भावकीतले. ह्या लोकांनी तबकड्यांचे क्रमांक, लेबलं, तारखा जमवल्या. हे काम झालंय किंवा होऊ शकतं. संग्रह काढणाऱ्यानं त्यांच्या दाराशी जायचा अवकाश आहे.

निवडीबद्दल माझी तक्रार जास्त तीव्र आहे. सगळे संग्रह मिळून सुलोचनाबाईंची जी बाई तयार होते ती एकच: सोळा वर्षांची, लवंगी मिरची, डोळे मिचकावणारी. हिंदीतल्या के. सुलोचना त्यात नाहीत. १९५१ आणि १९६२ ह्यांच्या मधली वर्षं जवळपास नाहीत. खळ्यांचं ते पान आहे, पण ते इतर चटकदार गाण्यांच्या मध्ये असं कोंबलंय की त्याचा संथपणा कंटाळवाणा वाटावा. ध्वनिमुद्रणाच्या सालानुसार गाणी लावली असती तरी आपोआप एक कथा उलगडली असती. आवाज कधी जाड झाला, व्यंजनावरचा भर कधी आला, ढोलकी मायक्रोफोनच्या जवळ कधी सरकली. सालच नसल्यावर क्रम कसला लावणार.

डीजेवाल्यांना मी इथं शिव्या देणार नाही. लग्नात ट्रॉलीवरून जे वाजतं त्यात बाईंच्या आवाजाखाली तयार ठोके घातलेले असतात, ढोलकी नावालाही नसते. कॅसेटच्या काळात हिंदी गाण्यांवर 'झंकार बीट्स' चढवायचे, त्याचाच नातू. पण तो माणूस हे मूळ आहे असं म्हणत नाही. माझा राग आहे तो 'मूळ ध्वनिमुद्रण' असं लिहून सोललेला आवाज देण्यावर.

आणि हे आत्ताच बोलायचं कारण कायद्यात आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं असतो. म्हणजे १९६४ मध्ये प्रकाशित झालेल्या रेकॉर्डवरचा हक्क २०२४ च्या अखेरीस संपला. 'सवाल माझा ऐका'च्या त्या वेळच्या तबकड्या ह्यात येतात. शब्द आणि चाल ह्यांचं गणित वेगळं, ते कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतं. गदिमा १९७७ साली गेले, खेबुडकर २०११ साली. म्हणजे त्यांचे शब्द अनुक्रमे २०३७ आणि २०७१ संपेपर्यंत राखीव, आणि त्यांच्या वारसांचं देणं लागतंच. पण ध्वनिमुद्रणापुरती वाट मोकळी झाल्यावर आता जो तो ह्या लावण्या काढणार. पहिल्यांदा जी फाईल सगळीकडं पसरेल तीच उद्या 'मूळ' ठरेल. यंत्राला शिकवायला जे आवाज वापरतात त्यातही तीच जाईल. सोललेल्या ढोलकीवर शिकलेलं यंत्र पुढं चांगल्या ढोलकीलाच बिघाड समजेल. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर माझ्या लॅबमध्ये येऊन बघा, बेअरिंगच्या बाबतीत हे रोज होतं.

चांगलं पुनःप्रकाशन करायला फार पैसे लागत नाहीत. योग्य जाडीची सुई, वरच्या कंप्रतांचं योग्य गणित, वेग तपासायला एक तानपुरा, आणि दोन फाइली: एक साफ केलेली, एक जशीच्या तशी खरखरीसकट. ज्याला खरखर नको तो पहिली ऐकेल. काकांसारखा माणूस दुसरी मागेल. मी तीच मागेन, कारण खरखरीत घुंगरू आहेत आणि एकदा खरखर काढली की ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणून देत नाही.

आता कामाचं. हिंगोली, परभणी, नांदेड भागात जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, बँडवाल्यांच्या पेट्यांत, बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या सामानात अजून तबकड्या निघतात. तुमच्याकडं सुलोचनाबाईंची, के. सुलोचनांची, किंवा कुठलीही लावणीची रेकॉर्ड असेल तर ती वाजवून बघू नका, घरच्या बोथट सुईनं खाच कायमची झिजते. ओल्या फडक्यानं पुसू नका, स्पिरिट तर अजिबात नको, लाख त्यात विरघळते. उभी ठेवा, उन्हापासून लांब. दोन्ही बाजूंच्या लेबलचा फोटो काढा आणि लेबलच्या कडेला खाचेबाहेर जे बारीक आकडे कोरलेले असतात त्यांचाही, उजेड तिरपा पाडून. फोटो मला पाठवलात तर मी ते आकडे वाचून सांगेन. रेकॉर्ड तुमच्याजवळच राहू द्या, मी येऊन ऐकेन. ७५ मायक्रॉनची सुई आता माझ्या पिशवीतच असते.